वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल डिस्कची मोठी रिक्वेस्ट तुटते कुठे, आणि मर्यादा उठवायची कशी

मागच्या अंकातल्या व्हर्च्युअल मशीनवरच्या लेखात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं होतं, की गेस्टने (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमने; खालचं खरं मशीन तो होस्ट) डिस्ककडे एका दमात खूप मागितलं तर ती रिक्वेस्ट वाटेत तुटते आणि तुकड्यातुकड्यांनी खाली जाते. त्या एका वाक्यावरच इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. बरीच पत्रं एकसारखी होती, ती एकत्र केलीत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे क्यूएमयू-केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स गेस्ट चालतात, डिस्क व्हर्टिओ-ब्लॉकची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच ठरवलेल्या प्रकारची. एक प्रोग्रॅम डायरेक्ट आयओने, म्हणजे मधला कॅश टाळून, बरोब्बर ५१२ केबीचे रीड मारतो. गेस्टमध्ये ब्लॉकट्रेस (डिस्कच्या रिक्वेस्टी टिपणारं साधन) लावून बघितलं तर प्रत्येक रीडचे दोन तुकडे दिसतात, एक ५०४ केबीचा आणि मागे ८ केबीची शेपटी. मशीन नुकतंच रीबूट केलेलं असेल तर हे होत नाही, काही दिवस चाललं की सुरू होतं. मॅक्स सेक्टर्स केबी (एका रिक्वेस्टच्या कमाल साइजची लिनक्सची सेटिंग) तर १२८० दाखवतंय, मग हा ५०४ आला कुठून?

उत्तर : तुम्ही रीबूटनंतरचा फरक टिपलात ते फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. सगळे जण मर्यादा म्हटलं की बाइट्स किंवा सेक्टर्सचा आकडा शोधतात, आणि इथे मर्यादा बाइट्सची नाहीच, तुकड्यांची आहे. गेस्टमधला बफर प्रोग्रॅमला सलग दिसतो पण फिजिकल मेमरीत तो ४ केबीच्या पानांमध्ये विखुरलेला असतो, आणि डिव्हाइसला पत्ते द्यायचे ते फिजिकल. म्हणजे ५१२ केबीचा बफर पूर्ण विखुरलेला असेल तर १२८ पानं, म्हणून १२८ सेगमेंट, म्हणजे मेमरीतले सलग तुकडे. व्हर्टिओ-ब्लॉक डिव्हाइस गेस्टला सांगतो की एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त इतकेच सेगमेंट द्या, त्या फील्डचं नाव सेगमॅक्स, आणि जुन्या क्यूएमयूमध्ये तो आकडा १२६ होता. १२६ गुणिले ४ म्हणजे ५०४. उरलेली दोन पानं म्हणजे तुमची ८ केबीची शेपटी.

आता १२६ का, तर गेस्ट ज्या रांगेतून डिव्हाइसला रिक्वेस्ट देतो तिची लांबी १२८ डिस्क्रिप्टरची होती (डिस्क्रिप्टर म्हणजे मेमरीतल्या एका तुकड्याचा पत्ता आणि लांबी सांगणारी नोंद) आणि प्रत्येक रिक्वेस्टला दोन डिस्क्रिप्टर डेटा सोडून लागतात. एक सुरुवातीच्या १६ बाइट्सच्या हेडरला, ज्यात रिक्वेस्टचा प्रकार आणि सुरुवातीचा सेक्टर असतो, आणि एक शेवटच्या एका बाइटला ज्यात डिव्हाइस निकाल लिहितो. कुणी म्हणेल की इनडायरेक्ट डिस्क्रिप्टर वापरले की अख्खी साखळी वेगळ्या टेबलात जाते, रांगेत एकच जागा खाल्ली जाते, मग रांगेच्या लांबीचा संबंध काय? संबंध आहे, कारण व्हर्टिओच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की डिस्क्रिप्टरची साखळी रांगेच्या लांबीपेक्षा मोठी असता कामा नये, ती इनडायरेक्ट असली तरी.

रीबूटनंतर हे का दिसत नाही तेही आता कळेल. नुकत्याच सुरू झालेल्या मशीनची मेमरी मोकळी असते, शेजारशेजारची पानं मिळतात, लिनक्स ती जोडून एकच सेगमेंट करतो, मग १२८ पानांचे सेगमेंट चार-पाचच होतात आणि रिक्वेस्ट अख्खी जाते. मशीन चालत राहिलं की मेमरी विखुरते. ह्यूज पेजमध्ये, म्हणजे मोठ्या सलग पानात, बफर घेतलात तर विखुरलेल्या मशीनवरही तुटणार नाही, लगेच करून बघण्यासारखा उपाय तो.

नीट उपाय मात्र क्यूएमयूकडे. २०२० च्या ५.० व्हर्जनमध्ये दोन गोष्टी झाल्या, सेगमॅक्स हा रांगेच्या लांबीला बांधला गेला म्हणजे रांग वजा दोन, आणि रांगेची डिफॉल्ट लांबी १२८ वरून २५६ झाली. म्हणजे २५४ सेगमेंट, १०१६ केबी. तुमचे ५१२ केबी आरामात जातील. पण गणित इथेच थांबवू नका, कारण उद्या तुम्ही १ एमबीचे रीड मारायला लागलात तर १०१६ आणि ८ असे तुकडे होणार, तीच शेपटी परत. त्यासाठी क्यू-साइज (रांगेची लांबी) ५१२ द्यावा लागेल, म्हणजे ५१० सेगमेंट. क्यूएमयूत ही लांबी दोनच्या घातातलीच लागते आणि १०२४ च्या वर जात नाही. बूट डिस्कवर एकदम वाढवू नका, बूट करणाऱ्या जुन्या फर्मवेअरला लांब रांग झेपेलच असं नाही, आधी डेटा डिस्कवर करा.

आणि एक, ज्यात बरेच जण अडकतात. क्यूएमयू नवीन टाकला तरी गेस्टचा मशीन टाइप, म्हणजे कोणत्या क्यूएमयू व्हर्जनसारखं मशीन त्याला दाखवायचं ती सेटिंग, ४.२ किंवा त्याआधीचा ठेवला असेल तर जुने आकडेच लागू होतात. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, चालू गेस्ट एका होस्टवरून दुसरीकडे हलवला तर त्याच्या डिस्कचे गुणधर्म पायाखालून बदलू नयेत म्हणून. तेव्हा आधी मशीन टाइप बघा, मग बाकीचं. मोजताना ब्लॉकट्रेस गेस्टमध्येच लावा, तुम्ही लावलात तसा. होस्टवर बघितलं तर गोंधळ होतो कारण क्यूएमयू एकाच वेळी हाती आलेल्या लागोपाठच्या रिक्वेस्टी परत जोडतो, मग तिथे ५१२ दिसतात आणि वाटतं सगळं ठीकच आहे.

प्रश्न : मॅक्स सेक्टर्स केबीमध्ये मोठा आकडा लिहिला की इनव्हॅलिड आर्ग्युमेंट येतं. रूटने लिहितोय.

उत्तर : शेजारीच मॅक्स एचडब्ल्यू सेक्टर्स केबी नावाची फाइल आहे, ती फक्त वाचता येते. ड्रायव्हरने सांगितलेली कमाल त्यात असते आणि तुमचा आकडा तिच्या वर जाऊ शकत नाही. एका पानापेक्षा लहान आकडाही चालत नाही. व्हर्टिओ-ब्लॉकवर हा एरर सहसा येत नाही कारण तिथे ती कमाल २१४७४८३६४७ दिसते, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. तुमची डिस्क बहुतेक दुसऱ्या प्रकारची आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून एक छोटा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) लिहितेय. व्हर्टिओ-ब्लॉकच्या बॅकएंडमध्ये (होस्टच्या बाजूने रिक्वेस्ट पुरी करणारा कोड) मी ६४ केबीचा एक बफर ठेवलाय आणि सुरुवातीलाच तपासते की लांबी ६४ केबीच्या वर गेली तर एरर द्यायचा. लिनक्स गेस्ट मोठ्या रिक्वेस्टी पाठवतो आणि त्याला आयओ एरर येतात. ती तपासणीची ओळ काढून मेमरी लागेल तितकी मॅलॉक केली तर चालेल का? गाइड म्हणतात चालेल.

उत्तर : नाही चालणार. मर्यादा उठवणं आणि तपासणी काढून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकच समजली गेली की त्यातूनच सुरक्षेची भोकं पडतात. दार मोठं करायचंय म्हणून रखवालदाराला घरी पाठवण्यासारखं आहे ते. तुझ्या कोडचं मी जरा सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

पहिल्यांदा मॅलॉकचं बघ. लांबी गेस्ट सांगतोय आणि गेस्टवर विश्वास ठेवायचा नाही हा हायपरवायझरचा पाया आहे. व्हर्टिओच्या एका डिस्क्रिप्टरमध्ये लांबीचं फील्ड ३२ बिटांचं असतं, म्हणजे एकच डिस्क्रिप्टर जवळजवळ ४ जीबी सांगू शकतो. गेस्ट बिघडलेला असेल किंवा मुद्दाम त्रास देणारा असेल तर एका रिक्वेस्टमध्ये तो तुझ्या प्रोसेसला झोपवेल. आणि प्रामाणिक गेस्ट असला तरी हिशोब कर, रांग १२८ ची आहे आणि प्रत्येक रिक्वेस्टला ६४ केबीचा वेगळा बफर धरला तर ८ एमबी होतात. तोच बफर ४ एमबीचा केलास तर ५१२ एमबी, एका डिस्कला. चार डिस्क लावल्या की २ जीबी नुसत्या बफरमध्ये.

म्हणून करायचं असं की रिक्वेस्ट कितीही मोठी येवो, बॅकएंडने ती स्वतः तुकडे करून पुरी करायची. तुझा ६४ केबीचा बफर तसाच राहू दे, लूप लाव, ६४ केबी वाच, गेस्टच्या मेमरीत टाक, ऑफसेट पुढे सरकव, उरलेलं वाच. गेस्टला एकच रिक्वेस्ट दिसते, एकच निकाल मिळतो, तुझी मेमरी वाढत नाही. मर्यादा गेली ती गेस्टच्या दृष्टीने, तुझ्या आतला तुकडा मर्यादितच राहिला. वेग हवा असेल तर याच्या पुढची पायरी म्हणजे मधला बफरच काढायचा, गेस्टच्या पानांचे पत्ते थेट आयओव्हेकमध्ये (पत्ता आणि लांबी यांची यादी) भरायचे आणि ती यादी घेणारे प्रीडव्ही, पीराइटव्ही हे कॉल वापरायचे. कॉपी वाचते आणि बफरच लागत नाही. पण आधी लूपवालं नीट चालवून घे, त्यात चूक सापडायला सोपी जाते.

लूप लिहिताना कुठे घसरायला होतं ते सांगते. प्रीड आणि पीराइट (फाइल वाचायचे आणि लिहायचे कॉल) मागितलं तितकं देतीलच असं नाही, कमीही देतात, तो एरर नसतो, जितकं मिळालं तितकं पुढे सरकून परत मागायचं असतं. लिनक्समध्ये एका कॉलला २१४७४७९५५२ बाइट्सच्या वर कधीच जात नाही आणि आयओव्हेकमध्ये १०२४ पेक्षा जास्त नोंदी दिल्या तर कॉल सरळ नाकारला जातो. रीड शून्य परत आला तर फाइल संपली, तिथे लूप फिरत राहिला तर तुझा थ्रेड कायमचा अडकेल.

मग गुणाकार. सेक्टर गुणिले ५१२ हे ३२ बिटांच्या इंटमध्ये केलंस तर ४१९४३०४ सेक्टरला, म्हणजे २ जीबीला, आकडा उलटून ऋण होतो. लहान मर्यादा होती तोवर लांबीच्या बाबतीत ही चूक झाकली गेलेली असते, मर्यादा काढली की उघडी पडते, जुन्या कोडमध्ये मर्यादा उठवताना सर्वात जास्त वेळ यातच जातो. लांबी, ऑफसेट, बेरीज सगळं ६४ बिटांत ठेव. व्हर्टिओत डेटाची एकूण लांबी हेडरमध्ये नसते, डिस्क्रिप्टरच्या लांब्या जोडून काढावी लागते, ती बेरीजही ६४ बिटांतच. आणि हद्द तपासताना पत्ता अधिक लांबी ही मेमरीच्या आत आहे का असं विचारू नकोस, कारण ती बेरीजच उलटू शकते. आधी पत्ता मेमरीच्या आत आहे का ते बघ, मग मेमरी वजा पत्ता इतकी जागा लांबीला पुरते का ते बघ. डिस्कच्या शेवटासाठीही हाच क्रम. साखळीत गेस्टने गाठ मारून ठेवली असेल, म्हणजे शेवटचा डिस्क्रिप्टर परत पहिल्याकडे बोट दाखवत असेल, तर मोजणी रांगेच्या लांबीला थांबव.

आता जे सर्वात कमी लोकांना माहीत असतं ते. डिस्क्रिप्टर हे गेस्टच्या मेमरीत असतात आणि तू वाचत असताना गेस्टचा दुसरा सीपीयू ते बदलू शकतो. तू लांबी एकदा वाचून तपासलीस आणि वापरताना परत तिथूनच वाचलीस तर तपासलेली लांबी एक आणि वापरलेली दुसरीच. याहून वाईट म्हणजे तू कोडमध्ये एकदाच वाचलंय असं दिसत असलं तरी कंपायलर ते दोनदा वाचायचा कोड बनवू शकतो. झेन या दुसऱ्या हायपरवायझरच्या बॅकएंडमध्ये नेमकं हेच सापडलं होतं, डिसेंबर २०१५ ची एक्सएसए-१५५ ही सुरक्षा सूचना त्यावरच आहे आणि त्यात डिस्कचा बॅकएंड, ब्लॉकबॅक, हाही होता. तेव्हा डिस्क्रिप्टर आधी स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घे, ते वाचन एकदाच होईल याची कंपायलरकडून खात्री करून घे, आणि पुढे फक्त ती प्रत वापर.

निकालाचं सांगायचं तर सगळे तुकडे पुरे झाल्यावरच ओके लिहायचं. मधला एखादा तुकडा फसला तर अख्ख्या रिक्वेस्टला एरर. आधीचे तुकडे डिस्कवर गेलेले असतील, त्याला हरकत नाही, मोठा राइट अर्ध्यात फसला तर डिस्कवर काय असेल याची हमी खऱ्या डिस्कही देत नाहीत आणि फाइल सिस्टिम ते धरूनच चालते. तुकडे एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर टाकलेस तर किती उरले याचा काउंटर ठेव आणि पहिला आलेला एरर जपून ठेव, शेवटचा तुकडा यशस्वी झाला म्हणून आधीचा एरर पुसला गेला असं होऊ देऊ नकोस. गेस्टचा डेटा त्याच्या नकळत खराब करणारी चूक आहे ती, आयओ एररपेक्षा कितीतरी वाईट.

शेवटी, हे सगळं करून रिक्वेस्टी ४ केबीच्याच येत राहिल्या तर घाबरू नकोस. तुझा डिव्हाइस सेगमॅक्स हे फीचर जाहीरच करत नसेल तर लिनक्सचा ड्रायव्हर एक सेगमेंट धरून चालतो. मर्यादा सांगितली नाही म्हणजे अमर्याद, असं तुला वाटेल, ड्रायव्हर उलटा अर्थ घेतो. फीचर बिट लाव आणि आकडा भर, रांग वजा दोन. तू म्हणतेस मोठ्या रिक्वेस्टी येतायत, म्हणजे एकतर हे आधीच लावलंयस किंवा तुझ्या गेस्टची मेमरी सलग मिळतेय, पण बघून घे. आणि गाइडना हे उत्तर नक्की दाखव, वाद घालायला नाही, एक्सएसए-१५५ त्यांनाही आवडेल.

प्रश्न : जुन्या झेन गेस्टमध्ये डिस्कची रिक्वेस्ट ४४ केबीच्या वर जातच नाही, हे खरं का? इतका विचित्र आकडा कुणी ठरवला?

उत्तर : खरं आहे. झेनच्या मूळ ब्लॉक प्रोटोकॉलमध्ये फ्रंटएंड (गेस्टमधला ड्रायव्हर) आणि बॅकएंड यांच्यात ४ केबीचं एकच पान सामायिक असतं, त्यात ३२ रिक्वेस्टींची रिंग, म्हणजे गोल फिरणारी रांग, बसवलेली, आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या आतच तिचे सेगमेंट लिहायचे. त्या जागेत ११ सेगमेंट ठेवलेत. ११ पानं म्हणजे ४४ केबी, आणि सगळी रिंग भरली तरी एकूण १४०८ केबीच वाटेत असू शकतात. हे डिझाइन झालं तेव्हाच्या डिस्कना ते पुरत होतं, एसएसडी आणि मोठे ॲरे आले तशी तीच मर्यादा गळफास झाली.

यावर केलेला उपाय मला फार आवडतो कारण प्रोटोकॉल न मोडता केला. २०१३ मध्ये लिनक्स ३.११ त इनडायरेक्ट सेगमेंट आले. रिक्वेस्टमध्ये सेगमेंट लिहायच्या ऐवजी सेगमेंटने भरलेल्या पानांचे संदर्भ लिहायचे. एक सेगमेंट ८ बाइट्सचा, म्हणजे एका पानात ५१२ मावतात. आठ पानांचे संदर्भ दिले तर कागदावर ४०९६ सेगमेंट, १६ एमबीची एक रिक्वेस्ट होऊ शकते. प्रत्यक्षात मात्र लिनक्सच्या बॅकएंडने २५६ ची कमाल ठेवली आणि फ्रंटएंडने डिफॉल्ट ३२ च घेतले, म्हणजे १२८ केबी. कारण तेच, मेमरी. प्रत्येक सेगमेंटमागे ग्रँट, म्हणजे ते पान बॅकएंडला वापरू देण्याची परवानगी, लागतं, पानं अडकून पडतात, आणि होस्टवर शंभर गेस्ट असले की ते सगळं बेरजेत येतं. प्रोटोकॉलने दार उघडलं तरी किती उघडायचं ते दोन्ही बाजू मिळून ठरवतात, बॅकएंड स्वतःची कमाल झेनस्टोअरमध्ये (दोघांना वाचता येणारी सामायिक नोंदवही) लिहितो आणि फ्रंटएंड त्यातलं आणि स्वतःच्या सेटिंगमधलं जे लहान ते घेतो. बॅकएंडने काहीच लिहिलं नाही तर परत ११. तुमचा गेस्ट नवा आणि होस्ट जुना असेल तरी ४४ च दिसेल, तेव्हा दोन्हीकडची व्हर्जन बघा.

प्रश्न : आम्ही एनबीडीवरून (नेटवर्कवरून डिस्क देण्याचा प्रोटोकॉल) व्हर्च्युअल डिस्क देतो. १ टीबीची इमेज पुसायची म्हणजे नुसते शून्य लिहायचे तर शेकडो रिक्वेस्टी जातात. यात डेटा तर जातच नाही, फक्त इथून इतकं शून्य कर एवढंच सांगायचं, मग एका रिक्वेस्टमध्ये का होत नाही?

उत्तर : तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि तो समजायला क्यूएमयूच्या लोकांनाही वेळ लागला. डेटा वाहून नेणारी रिक्वेस्ट आणि नुसता हुकूम देणारी रिक्वेस्ट यांना एकच मर्यादा लावायचं काही कारण नाही. रीड-राइटला मेमरी लागते, नेटवर्कवर बाइट्स जातात, तिथे मर्यादा हवीच. डिस्कार्ड (हा भाग आता नको) आणि राइट झीरोज (इथे शून्य कर) यांच्यासोबत न्यायचा डेटाच नाही.

अडलं होतं ते आकड्याच्या रुंदीवर. क्यूएमयूच्या ब्लॉक लेयरमध्ये लांबी इंटमध्ये फिरत होती, त्यामुळे कुठलीही रिक्वेस्ट २ जीबीच्या आत. २०२१ मध्ये हे सगळं ६४ बिटांवर नेण्याचं मोठं काम झालं, एकेका ड्रायव्हरचं फंक्शन बघत, कारण नुसता टाइप बदलून भागत नाही, आत कुठे तरी कुणी तरी तो आकडा परत इंटमध्ये ठेवत असतो आणि कंपायलर गप्प बसतो. मोठं न झेपणाऱ्या ड्रायव्हरांसाठी जुनी मर्यादा तशीच ठेवून वरच्या लेयरने तुकडे करून द्यायचे, अशी सोय आहे. हे धोरण मला योग्य वाटतं.

एनबीडीत अडचण तारेवरच्या फॉरमॅटची. जुन्या रिक्वेस्टचं हेडर २८ बाइट्सचं, त्यात ऑफसेट ६४ बिटांचा पण लांबी ३२ बिटांची. म्हणजे ४ जीबीच्या आतच राहावं लागतं आणि १ टीबीला २५६ च्या वर रिक्वेस्टी होतात, सर्व्हरची स्वतःची मर्यादा लहान असेल तर आणखी. यावर एक्स्टेंडेड हेडर आलं, ३२ बाइट्सचं, लांबीही ६४ बिटांची. क्लायंट आणि सर्व्हर दोघांना येत असेल तरच वाटाघाटीत ते ठरतं. क्यूएमयूत ते ८.२ पासून आहे, २०२३ च्या शेवटी आलेलं. तुमच्या दोन्ही टोकांना ८.२ किंवा पुढचं असेल तर मोठे शून्य एका दमात जातील. डेटाच्या रिक्वेस्टी मात्र क्यूएमयू ३२ एमबीलाच थांबवतो आणि ते तसंच राहायला हवं.

एक काळजी घ्या. १ टीबीचा एकच हुकूम गेला आणि खालच्या स्टोरेजला झटपट शून्य करणं येत नसेल तर ते खरोखर शून्य लिहीत बसेल, आणि तोवर क्लायंटला काही उत्तर नाही, प्रोग्रेस नाही, मधेच थांबवता येत नाही. फास्ट झीरोचं फ्लॅग त्यासाठीच आहे, झटपट होत असेल तरच कर नाहीतर लगेच नकार दे असं ते सांगतं. ते लावून बघा, नकार आला तर स्वतःच लहान तुकड्यांनी लिहा.

प्रश्न : सगळ्या मर्यादा वाढवल्या, रिक्वेस्टी मोठ्या जाताना दिसतायत, आयओस्टॅटमध्ये सरासरी साइजही वाढली, पण थ्रूपुट जवळजवळ तेवढाच. काय चुकलं?

उत्तर : बहुतेक काही चुकलेलं नाही. मोठ्या रिक्वेस्टीने वाचतो तो दर रिक्वेस्टमागचा खर्च, म्हणजे गेस्टमधून बाहेर पडणं, इंटरप्ट, रांगेची हाताळणी. हा खर्च आधीच एकूण वेळेचा लहान भाग असेल तर तो निम्मा करूनही हातात फारसं येत नाही. क्यूएमयूत रांग २५६ ची केली तेव्हा १ एमबीच्या आयओला फायदा ४ टक्क्यांपर्यंत, असंच त्या बदलात नोंदलंय. जास्त फायदा दिसतो तो ४४ केबीसारख्या फार लहान मर्यादेतून वर येताना, किंवा खाली रेड (अनेक डिस्क जोडून केलेली एक) असेल आणि रिक्वेस्ट अख्ख्या स्ट्राइपएवढी, म्हणजे सगळ्या डिस्कवर पसरणाऱ्या एका पट्ट्याएवढी, जात असेल तर, कारण मग पॅरिटीसाठी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा माहिती) जुना डेटा वाचावा लागत नाही. लिनक्सच्या मॅक्स सेक्टर्स केबीतला १२८० हा आकडाही तिथूनच आलाय. आधी ५१२ केबीची डिफॉल्ट मर्यादा होती, ती काढून टाकून बघितली, काही ठिकाणी वेग घटला म्हणून २०१५ मध्ये परत आणली, आणि मग १२८० केली, १० डेटा डिस्क आणि १२८ केबीचा चंक (एका डिस्कवरचा तुकडा) असलेल्या स्ट्राइपचा राइट एका रिक्वेस्टमध्ये मावावा म्हणून.

थ्रूपुट बघताना लेटन्सीही बघा. खालचं स्टोरेज सेकंदाला १०० एमबी देत असेल तर ४ एमबीची एक रिक्वेस्ट ४० मिलिसेकंद जागा अडवते, त्या मागे डेटाबेसचा ४ केबीचा लॉग राइट उभा असला तर त्यालाही तेवढं थांबावं लागतं. १२८ केबीच्या रिक्वेस्टमागे तो जेमतेम सव्वा मिलिसेकंद थांबला असता. एकाच डिस्कवर बॅकअप आणि डेटाबेस दोन्ही असतील तर मर्यादा मुद्दाम लहान ठेवणं शहाणपणाचं. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स हायपरवायझरमध्ये डिस्क मॅक्स आयओ साइज डिफॉल्ट ३२७६७ केबी असतं, म्हणजे गेस्टने पाठवलं ते जवळपास तसंच खाली सोडायचं, आणि काही ॲरेंना ते झेपत नाही म्हणून तिथे ते खाली आणावं लागतं.

इमेज (व्हर्च्युअल डिस्कची फाइल) क्यूकाउ२ या क्यूएमयूच्या फॉरमॅटची असेल तर तेही बघा. डिफॉल्ट क्लस्टर (जागेचा एक गठ्ठा) ६४ केबीचा, आणि फाइलमध्ये क्लस्टर विखुरलेले असतील तर वरून आलेली १ एमबीची सलग रिक्वेस्ट इमेजमध्ये १६ ठिकाणी जाऊ शकते. वरच्या सगळ्या मर्यादा उठवून शेवटच्या पायरीवर तुटतेय असं होतं. रॉ (साध्या, क्लस्टर नसलेल्या) इमेजवर तीच चाचणी घ्या, फरक दिसला तर दोष मर्यादेचा नाही.

प्रश्न : आमच्या टीमने बॅकएंडमधली १२८ केबीची मर्यादा उठवलीय, तुकडे करणारा कोड टाकलाय. टेस्ट पास झाल्या. रिलीज करण्याआधी आणखी काय तपासावं?

उत्तर : टेस्ट पास झाल्या म्हणजे बहुतेक ६४ केबी, १२८ केबी, १ एमबी असे गोल आकडे पास झाले. चुका काठावर बसलेल्या असतात. १२८ केबी अधिक एक सेक्टर, उणा एक सेक्टर, दोन तुकडे अधिक एक सेक्टर, डिस्कचा अगदी शेवटचा सेक्टर धरून संपणारी मोठी रिक्वेस्ट, आणि त्या शेवटापलीकडे एकच सेक्टर जाणारी, जिला नकार मिळायला हवा. गेस्टमधून एफआयओ (डिस्कवर चाचणीचा भार टाकणारं साधन) चालवताना व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडणं, लावा, नुसता वेग मोजू नका, कारण तुकड्याचा ऑफसेट चुकला तर वेग छानच दिसतो आणि डेटा भलतीकडे जातो. मेमरी विखुरलेली असताना चालवा, नुकत्या बूट केलेल्या मशीनवर सेगमेंट कमी असतात त्यामुळे निम्मा कोड चालतच नाही.

एरर मुद्दाम घडवा. लिनक्समध्ये डीएम-एररने डिस्कच्या मधला ठरावीक भाग नासका करता येतो, तो भाग रिक्वेस्टच्या पहिल्या तुकड्यात, मधल्यात आणि शेवटच्यात येईल असं तिन्ही वेळा बघा आणि तिन्ही वेळा गेस्टला एररच मिळतोय याची खात्री करा. मग त्याच रांगेतली पुढची रिक्वेस्ट नीट पुरी होतेय का तेही बघा, एरर आल्यावर काउंटर किंवा बफर परत न करण्याची चूक तिथे सापडते. स्टोरेज मुद्दाम हळू करा, डीएम-डिलेने जमतं. पूर्वी चटकन पुरी होणारी रिक्वेस्ट आता अनेक तुकड्यांची झालीय, तिला गेस्टचा टाइमआउट पुरतो का? स्कझी डिस्कला लिनक्समध्ये तो डिफॉल्ट ३० सेकंद असतो.

आणि लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं. नव्या होस्टवर सुरू झालेला गेस्ट मोठ्या रिक्वेस्टी पाठवायला शिकलेला असतो, ड्रायव्हरने मर्यादा सुरुवातीलाच वाचलेली असते आणि परत वाचत नाही. तो जुन्या बॅकएंडच्या होस्टवर हलवला तर तिथे १२८ केबीची तपासणी अजून तशीच आहे आणि गेस्टला आयओ एरर येतात, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होते. म्हणून मर्यादा उठवण्याचं काम दोन रिलीजमध्ये करा. पहिल्या रिलीजमध्ये बॅकएंडने मोठ्या रिक्वेस्टी स्वीकारायच्या पण गेस्टला जुनाच आकडा सांगायचा. सगळे होस्ट त्या रिलीजवर आले की दुसऱ्यात मोठा आकडा जाहीर करायचा, तोही नव्याने सुरू होणाऱ्या गेस्टपुरता.